नथ्थूने सूप वाजवले

मी एक जुने सूप आहे. माझी कड झिजली आहे, पाठीला ठिगळ आहे. पण मित्रांनो, आवाज अजून खणखणीत आहे. एखादा कार्यक्रम संपला की तुम्ही म्हणता, 'सूप वाजले.' ते ऐकून मला हसू येते. आमच्या घरी सूप वाजले की सगळे सुरू व्हायचे!

मी आलापल्लीच्या जंगलातला बांबू. मला तोडले तेव्हा बल्लारपूरचा कागद कारखाना नवा होता. माझे भाऊबंद गाड्या भरभरून तिकडे गेले आणि कागद झाले. मला मात्र पोचू बुरडाने चिरले, विणले आणि बाजारात रुखमाबाईच्या हाती दिले. तिने मला शेणाने लिंपून उन्हात वाळवले. तिचे घर गावाच्या टोकाला होते. परसाचे कुंपण ओलांडले की जंगलच.

रोज सकाळी ती उखळात कांडलेले तांदूळ घेऊन परसात बसायची आणि मला नाचवायची. फट, फट, फट! कोंडा पुढे उडायचा, तांदूळ मागे राहायचे. कणी ती मुद्दाम मातीत फेकायची. त्यावर चिमण्या यायच्या, होले यायचे. आणि एकदा कुंपणाखालून चक्क एक रानकोंबडी डोकावली. पान हलले तरी पळून जाणारी ही जात! पाहिले की ती बुजेल, म्हणून रुखमाबाईने तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"पाह्यलं का ते लाजते," ती मला सांगायची आणि वाजवत राहायची.

कोंबडी आधी कुंपणापाशीच टिपायची. मग पेरूच्या झाडाखाली आली आणि शेवटी रुखमाबाईच्या लुगड्याच्या काठापाशी. रुखमाबाईने तिचे नाव ठेवले पाव्हणी.

रुखमाबाईचा नवरा नथ्थू मनाने भोळा, पण हौस दांडगी. एकदा तिचा भाऊ मनसाराम यायचा होता. मेव्हण्याचा थाटात पाहुणचार करायचे नथ्थूच्या मनाने घेतले. रुखमाबाई विहिरीवर गेल्याचे पाहून त्याने मला बडवले. फट, फट! मग काडीच्या टेकूवर मला पालथे उभे केले, खाली कणी टाकली आणि काडीची दोरी धरून तो भिंतीआड बसला. पाव्हणी धावतच आली. दोरी ओढली गेली आणि मी तिच्या अंगावर पडलो.

मित्रांनो, ती आली होती ती माझ्या आवाजावर विसंबून. माझ्याखाली तिचे काळीज धडधडत होते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तेवढ्यात रुखमाबाई घागर घेऊन आली. "हे काय करून राह्यले तुमी?"

"तुह्याच भावासाठी तं!"

"पाव्हण्याले पाव्हणी खाऊ घालता काय?" असे म्हणून तिने मला उचलून भिरकावले. पाव्हणी कुंपणावरून उडाली ती दिसेनाशी झाली. मागे चार पिसे राहिली.

मनसाराम वरणभात जेवून खुशीत गेला, पण परस ओस पडले. रुखमाबाईने मला किती वाजवले, चिमणीसुद्धा फिरकली नाही. शेवटी तिने मला नथ्थूपुढे ठेवले.

"तुमच्या हातानं गेली, तुमच्याच हातानं आली पायजे. तोवर मी सूप हाती घेत नाई."

कोंड्यासकट भात घशाखाली उतरेना, तेव्हा नथ्थू मला घेऊन परसात बसला. गड्याने पाखडायला बसणे म्हणजे गावाला फुकटचा तमाशा! शेजारची कुंता कुंपणावरून ओरडली, "नथ्थूभाऊ, कोंडा ठेवून राह्यले अन् तांदूळ उडवून राह्यले!"

खरेच होते ते. तांदूळ सगळ्या परसात आणि कोंडा मिशांत! नथ्थू लाजेने लाल झाला, पण उठला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसला, तिसऱ्याही. चिमण्यांनी एवढी मेजवानी जन्मात पाहिली नव्हती. त्या आल्या, त्यांच्या मागून होले आले. नथ्थू हळूहळू पाखरांकडे न पाहता वाजवायला शिकला.

बरेच दिवस गेले. एका सकाळी कुंपणाखाली पाचोळा वाजला आणि नथ्थूचे हात थबकले.

"थांबू नोका," दारातून रुखमाबाई हळूच म्हणाली. "वाजवा."

फट, फट, फट. पाव्हणी आली, आणि तिच्यामागे पिल्लांची रांग! नथ्थूने मला अलगद मातीवर ठेवले. एक धीट पिल्लू सरळ माझ्यात चढले आणि टिपू लागले. नथ्थूने श्वास रोखून धरला होता. रुखमाबाई तोंडाला पदर लावून हसत होती आणि तिचे डोळे भरले होते.

संध्याकाळी तिने हात पुढे केला. "आता द्या सूप इकडं."

नथ्थूने मला छातीशी धरले. "राहू दे. माह्या हातचा आवाज वळखते ते आता."

मित्रांनो, मला पालथे घातले की मी सापळा होतो आणि उताणे ठेवले की ताट. तुमच्याही परसात कोणी बिचकत बिचकत आले, तर मला उताणेच ठेवा. थोडे दाणे सांडू द्या. आणि हो, तिकडे पाहू नका. पाह्यलं का ते लाजते.