दोन टेबलं सोडून

"वाचतोय तो," एक्स्चेंजबाई हळूच म्हणाल्या आणि त्यांनी सुनेच्या हातातला फोन आपल्या कानाजवळ ओढला.

फोनमधला माणूस रंगात आला होता. आपण मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहोत, समुद्रावर फार एकटं वाटतं, तुमचा फोटो पाहिला आणि मनाने कौल दिला, असं बरंच काही. सून ओट्याला टेकून उभी होती. तिने भुवया उंचावून खुणेनेच विचारलं, म्हणजे काय?

एक्स्चेंजबाईंनी फोनवर तळवा दाबला. "कागदावरचं वाचतोय. बोलणारा माणूस शब्द आठवताना थांबतो. हा ओळ संपली की थांबतोय. मध्येच काहीतरी विचार त्याला."

"काय विचारू?"

"काहीही. जेवलात का, विचार."

सुनेने विचारलं. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला आणि मग तो माणूस म्हणाला, तुमच्यासाठी एक पार्सल पाठवायचं आहे, घरचा पत्ता द्या. सुनेने फोन बंद केला. दोघी आधी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की गॅसवरचं दूध उतू गेलं.

गल्लीत लहानथोर सगळे त्यांना एक्स्चेंजबाई म्हणत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. हजारो माणसं एकमेकांना जोडून दिली, एकाचंही तोंड पाहिलं नाही. पण आवाज ऐकला की माणूस खरा की थापाड्या, हे त्यांना कळायचं. निदान त्यांचं तसं म्हणणं होतं आणि सून त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायची.

सून एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. वय एक्केचाळीस. नवरा जाऊन पाच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरात या दोघीच. मोबाईलवरच्या त्या जोड्या जुळवणाऱ्या ॲपची गोष्ट सुनेने आधी लपवून ठेवली होती. एक्स्चेंजबाईंना ती कळली हसण्यावरून. नळ सोडून बाथरूममध्ये एकटं कोण हसतं? त्या दिवशी त्या कोणाशीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेसमोर चहाचा कप ठेवून म्हणाल्या, "चोरून नको बोलूस. चोरून बोलणाऱ्या बायका कशा फसतात ते मी या कानांनी ऐकलंय. बोलायचं तर माझ्यासमोर बोल."

सून रडली. एक्स्चेंजबाईंनी नियम घातले. पहिला फोन स्पीकरवर. लॅबचं नाव सांगायचं नाही, पत्ता तर नाहीच नाही. व्हिडिओवर तोंड दाखवायला जो कां-कूं करेल, त्याला तिथेच नारळ. भेटायचं ते दिवसाउजेडी, चार माणसांत. जायचं आपलं आपण, यायचं आपलं आपण, त्याच्या गाडीत पाऊल टाकायचं नाही.

"आई, माझ्या लग्नाच्या वेळी तुम्ही एवढ्या चौकशा केल्या नव्हत्या," सून म्हणाली.

"तेव्हा मुलगा माझा होता. त्याची खात्री होती मला."

जहाजावरचा इंजिनिअर गेला. त्याच्यामागून एक जण आला, तो तिसऱ्याच दिवशी 'कुठे होतीस, फोन का नाही उचललास' असं दरडावून विचारू लागला. त्यालाही नारळ मिळाला. मग आला वजनकाटेवाला.

हा दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करायचा. घटस्फोटित, वय सत्तेचाळीस. फोनवर इतका अडखळायचा की सुनेलाच घाम फुटायचा. एक्स्चेंजबाईंच्या मनात तरीही पाल चुकचुकली. त्याने दुकानाचं नाव आपणहून सांगितलं होतं. त्यांनी नंबर शोधला आणि गिऱ्हाईक म्हणून फोन लावला: घरातला काटा चुकतोय, काय करू? पलीकडच्या माणसाने दहा मिनिटं जीव तोडून समजावलं. मापाच्या भांड्यात एक लिटर पाणी घ्या, आधी रिकामं भांडं तोला, मग भरलेलं. फरक एक किलो यायला हवा. कमीजास्त आला तर काटा घेऊन या, साधंच काम असेल. एक्स्चेंजबाईंनी खरोखरच पाणी तोललं. काटा चाळीस ग्रॅम जास्त दाखवत होता.

"कसा आहे?" सुनेने विचारलं.

"बरा वाटतो," एवढंच त्या म्हणाल्या. कौतुक करताना हात आखडता घ्यायची सवय त्यांना पहिल्यापासूनच होती, पण आज कारण वेगळं होतं. हा माणूस खोटा निघावा असं त्यांना मनापासून वाटत होतं. खरा निघाला तर सून जाईल, आणि मग घरात कोणाच्या पायांचा कानोसा घ्यायचा?

शनिवारी दुपारी चार वाजता भेटायचं ठरलं. जागा एक्स्चेंजबाईंनी निवडली, वाचनालयाच्या खालचं कॉफीचं दुकान, काचेच्या भिंतींचं, कायम माणसांनी भरलेलं. वेळ एक तास. आपला कप सोडून उठायचं नाही. आणि एक खूण ठरली. त्या दोन टेबलं सोडून बसणार. त्यांना काही खटकलं तर त्या चष्मा काढून टेबलावर ठेवणार. चष्मा उतरला की सुनेने पोट दुखतंय म्हणून उठायचं, कारण विचारायचं नाही.

"आणि मलाच काही खटकलं तर?"

"तर तूच ऊठ. माझी वाट कशाला बघतेस?"

त्या वीस मिनिटं आधीच जाऊन बसल्या. चहा मागवला. माणूस वेळेवर आला. इस्त्री केलेला शर्ट, एक बाही नीट दुमडलेली, दुसरी घाईत दुमडलेली. सून आल्यावर तो उठला आणि कोणत्या खुर्चीवर बसायचं ते त्याने तिलाच ठरवू दिलं. सुनेने दाराकडे तोंड असलेली खुर्ची घेतली. शाबास, एक्स्चेंजबाई मनात म्हणाल्या.

मग त्या डोळ्यांत तेल घालून त्याच्यात खोट शोधू लागल्या. तो बोलताना हात फार हलवत होता. केक खाताना त्याच्या मिशीला कण लागला होता. आधीच्या बायकोबद्दल सुनेने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "चूक दोघांचीही होती. माझी जरा जास्त." हे वाक्य वाचलेलं नव्हतं. तीन ठिकाणी अडखळत आलं होतं.

मिशीला केक लागणं हा काही गुन्हा नव्हे. पण चष्मा काढायला कारण लागत नव्हतं. सून विचारणारही नव्हती, तसं ठरलंच होतं. एकदा हात वर न्यायचा, बस. संध्याकाळी दोघी घरी, आपला तोच चहा, त्याच गप्पा. एक्स्चेंजबाईंचा हात खरोखरच चष्म्याच्या काडीपर्यंत गेला.

तेवढ्यात तो काहीतरी म्हणाला आणि सून हसली. कपाळाला हात लावून, मान खाली घालून, खांदे गदगदवत. ही अशी ती फक्त एका माणसापाशी हसायची. तिचा नवरा घरी, जेवणाच्या टेबलाशी, तोंडात घास घेऊन नकला करायचा आणि ही कपाळाला हात लावायची. पाच वर्षांत एक्स्चेंजबाईंनी हे हसू पाहिलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं, ते त्यांच्या मुलाबरोबरच गेलं.

डोळे भरून आले. साध्यासुध्या पाण्याने नव्हे, चांगले घळाघळा. काचांपलीकडचं सगळं दुकान विरघळलं. आता चष्मा काढून डोळे पुसायला हवेत, आणि नेमका तोच काढता येत नाही! त्यांनी रुमालाचं टोक काचेखालून आत सरकवायचा प्रयत्न केला. चष्मा कपाळावर चढला, तिरका झाला आणि एका कानावरून सुटला.

सून ताडकन उठली. तिचं हसू कुठच्या कुठे गेलं होतं. एक्स्चेंजबाईंना ते पाण्यातूनही दिसलं. आज्ञेप्रमाणे पोटावर हात ठेवून, एका शब्दाने न विचारता, ती पर्स उचलत होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून या बाईने आपला एकही शब्द खाली पडू दिला नाही, हे त्यांना तेव्हा आठवलं आणि स्वतःची शरम वाटली.

दोन्ही हातांनी चष्मा नाकावर गच्च दाबून त्या ओरडल्या, "बस, बस! तसं काही नाही!"

सगळं दुकान वळून बघायला लागलं. वजनकाटेवालाही वळला. त्याने आधी सुनेकडे पाहिलं, मग या म्हाताऱ्या बाईकडे, आणि जागेवरूनच जरा मोठ्याने विचारलं, "बाई, तुमचा काटा आता किती दाखवतो?"

एकतीस वर्षं ज्यांनी आवाजावरून माणसं ओळखली, त्यांना कोणीतरी आवाजावरूनच पकडलं होतं. एक्स्चेंजबाईंना लपायला जागा उरली नाही. "चाळीस ग्रॅम जास्त," त्या म्हणाल्या.

"घेऊन या, करून देतो." त्याला राग आलेला दिसत नव्हता. उलट सुटल्यासारखा तो सुनेला म्हणाला, "बरं झालं तुम्ही एकट्या नाही आलात. माझी बहीण अशीच एकाला भेटायला गेली, तेव्हा मीही असाच बसलो होतो. चार कॉफ्या प्यायलो, पण डोळे सारखे भरून येत होते, तो माणूस काही मला धड दिसला नाही."

सून तशीच यांच्या टेबलापाशी आली. तिने स्वतःच्या हाताने त्यांचा चष्मा काढला, ओढणीच्या टोकाने काचा पुसल्या, पुन्हा त्यांच्या नाकावर बसवला. तिचे हात थंड होते.

"तास झाला, आई. निघू या?"

एक्स्चेंजमध्ये बाहेरगावच्या फोनला तीन मिनिटं मिळायची. तीन मिनिटं झाली की ऑपरेटरने लाईनवर यायचं आणि विचारायचं. पलीकडे कोणाचं लेकरू आजारी असो की कोणी नुसतंच रुसलेलं असो, प्रश्न एकच. एक्स्चेंजबाईंनी तो किती वेळा विचारला असेल, त्याची गणती नव्हती. उत्तराची भीती मात्र कधी वाटली नव्हती.

"वेळ झाली," त्या म्हणाल्या. "वाढवायची का?"

सुनेने टेबलावरचा साखरेचा एक दाणा बोटाने टिपला. मग म्हणाली, "हं."

"मग जा. मी आहे इथेच."

ती गेली. तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि बोलणं पुन्हा सुरू झालं, आधी अडखळत, मग जरा मोकळं. वेळ वाढवून दिली की ऑपरेटरने लाईनवर थांबायचं नसतं. एक्स्चेंजबाई उठल्या, त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि उलटी फिरवून भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"बाई, तिकडे काय दिसणार तुम्हाला?" वेटर म्हणाला. "खिडकीपाशी जागा रिकामी झालीय."

"नको, इथेच बरं आहे. एक चहा आण, गरम."

मागून सुनेचा आवाज येत होता, शब्द न् शब्द कळत होता. एक्स्चेंजबाईंनी समोरच्या भिंतीवरची किमतींची पाटी वाचायला घेतली, वरपासून खालपर्यंत, ओठ हलवत. संपली की पुन्हा वरून.