कोठीतला पारा

वत्सलाबाईंनी पांढरी पडलेली अंगठी पुढे केली, तेव्हा जयराम सरांना आधी आठवलं ते नामपूरचं पत्र. त्याचं उत्तर राहून गेलं होतं.

"बघा तुमच्या सोनाराचं सोनं! कोठीतून गहू काढले, तेवढ्यात चांदी झाली त्याची. आज जातेच मी सराफ बाजारात."

सरांनी अंगठी खिडकीशी नेऊन पाहिली. मग स्वयंपाकघरात जाऊन ते कोठीत वाकले. गव्हात एक कापडी पुरचुंडी होती, कोपऱ्यात उसवलेली. आतल्या गोळ्यांचा भुगा झाला होता आणि भुग्यात मोहरीएवढे चकचकीत थेंब होते. पुरचुंडी हलताच ते पळाले, एकमेकांत मिसळले.

"सोनाराची चूक नाही," सर म्हणाले. "पारा आहे. सोन्याला लगेच धरतो."

"अगंबाई, त्या किडीच्या गोळ्या? त्या तर माझी आईसुद्धा घालायची. विषारी असतात का हो?"

सर पुरचुंडीतल्या थेंबांकडे बघत राहिले. रसायनशास्त्र शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी मूलद्रव्यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याच्या प्रती अजून माळ्यावर पडून होत्या. पाऱ्याच्या प्रकरणात डाव्या पानावर उपयोग होते: तापमापी, रक्तदाबाचं यंत्र, ट्यूबलाइट आणि धान्यात ठेवायच्या गोळ्या. उजव्या पानावर धोके: न दिसणारी वाफ, हातांचा कंप, मूत्रपिंडं, लहान मुलांचा मेंदू.

ते वाचून नामपूरहून स्नेहल नावाच्या एका सुनेने लिहिलं होतं, 'आमच्या सासूबाई बाजरीत या गोळ्या घालतात. त्या निवडायला बसल्या की माझी रांगती मुलगी सुपात हात घालते. सासूबाई म्हणतात, पुस्तकातच दिलंय ना. सर, मी त्यांना कोणतं पान दाखवू?'

सरांनी त्याच दिवशी कागद घेतला होता. पण गोळीतून वाफ किती निघते, धान्य धुतल्यावर काय उरतं, याचा नक्की आकडा मिळेना. अर्धवट माहितीवर कोणाच्या घरात भांडण कशाला लावायचं? आणखी एक संदर्भ पाहू, आणखी एक, असं करता करता पत्र एका जाड ग्रंथात खूण म्हणून राहिलं. ती रांगती मुलगी आता शाळेत जात असेल.

"अहो, मी काय विचारतेय?"

"असतात."

"आणि तुम्हाला माहीत होतं?"

"हो. पण आपल्या कोठीत काय आहे, ते..."

"बघितलंत कधी? मीठ ओलं का होतं, ते मला अर्धा तास समजावता. आणि हे नाही!"

सरांनी वत्सलाबाईंना खिडक्या उघडायला सांगितल्या. हाताला पिशवी गुंडाळून पुरचुंडी अलगद उचलली, काचेच्या बरणीत टाकली, वर पाणी ओतून झाकण घट्ट लावलं.

"हे गहू दळायचे नाहीत."

"सगळे? अहो, वर्षाचे आहेत."

"सगळे."

हे सांगताना आपण एकही आकडा पाहिला नाही, हे त्यांच्या मागाहून लक्षात आलं. ते खुर्चीत बसून राहिले. मग उठून त्यांनी तो जाड ग्रंथ काढला.

दुपारी पोस्टात त्यांनी पाकीट न घेता कार्ड घेतलं. कार्ड घरातलं कोणीही वाचेल, सासूबाईंना वाचून दाखवेल. तिथल्याच फळीवर त्यांनी लिहिलं:

'उजवं पान दाखवा. डाव्या पानावरची गोळ्यांची ओळ ही माझी चूक, असं सासूबाईंना सांगा. गोळ्यांना हात न लावता त्या बाटलीत बंद करा. ते धान्य खाऊ नका. मुलीला एकदा डॉक्टरांना दाखवा. हे मी तेव्हाच कळवायला हवं होतं.'

सही केली. खाली थोडी जागा उरली होती. पेन बराच वेळ तिथे थांबलं. मग त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, 'मुलगी कशी आहे?'

पेटीपाशी आल्यावर सवयीने एकदा वाचून बघायला त्यांनी कार्ड डोळ्यांशी नेलं. चष्मा खिशात होता. तो त्यांनी काढला नाही. कार्ड आत सोडलं.