मनकर्णाबाईची साक्ष

हिंगणघाटच्या बबनराव भोयर वकिलांनी आयुष्यभर फौजदारी खटले लढवले. त्यातही बहुतेक खुनाचे, आणि नेहमी आरोपीच्या बाजूने. "भोयर साहेब, एवढ्या खुन्याईले सोडवता, रात्री झोप लागते का?" असं लग्नकार्यात कोणीतरी हमखास विचारायचं. ते हसून म्हणत, "लागते ना बापा. जेवलो का लगेच." आणि ते खरंच होतं. सत्तरीला टेकले तरी काळा कोट चढवताना त्यांना अजून बरं वाटे. नागपूरला जाऊन मोठं नाव करावं असं त्यांना कधी वाटलं नाही. हायकोर्टात कागद बोलतात, इथं माणसं बोलतात, असं ते त्यांची ज्युनिअर रक्षा हिला सांगत.

रक्षा त्यांच्याकडे चार-पाच वर्षं होती. हुशार, तयारीची, आणि सरांच्या तोंडावर "हे चुकलं" म्हणायला न घाबरणारी. म्हणूनच ती त्यांना आवडायची.

एका रविवारी सकाळी वडनेरहून भूपेंद्र नावाचा माणूस आला. त्याचं तिथं खतं-बियाण्यांचं दुकान होतं. धाकटा भाऊ अंकुश जवळच्याच एका खेड्यात वडिलोपार्जित शेती करायचा, आणि वर्षभरापासून खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात होता.

हकीकत अशी होती. अंकुशच्या तुरीत रानडुकरं घुसत. एका रात्रीत अर्धं वावर लोळवून जात. त्यानं धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, उघडी तार ओढली आणि पाण्याच्या मोटारीच्या लाइनवरून तिच्यात करंट सोडला. कायद्यानं बंदी आहे, पण त्या भागात हे बरेच जण करत. त्या रात्री शेजारच्या शेताचा गोपाल तारेला चिकटला आणि जागीच गेला. पंचविशीचा, आईला एकुलता एक. महिनाभर आधी धुऱ्यावरून दोघांचं भांडण झालं होतं, आणि "तुले पाहून घेईन" असं अंकुश चारचौघांत म्हणाला होता. पोलिसांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. गोपाल रोज रात्री याच धुऱ्यानं पिकाच्या राखणीला जातो हे ठाऊक असल्यामुळे अंकुशनं मुद्दाम तार लावली, असा आरोप ठेवला गेला.

रक्षानं दोन दिवसांत सगळे कागद वाचले आणि खूश होऊन आली.

"सर, साफ सुटेल हा. ती मोटार तीन शेतांत मिळून आहे. तार कोणी लावली हे पाहणारा एकही साक्षीदार नाही. पंच तर आताच म्हणतात, आम्ही फक्त सह्या केल्या. तार आमची नाही, एवढं म्हटलं की संपलं."

"अंकुश काय म्हनते?"

"त्याला काय विचारायचं? भूपेंद्रभाऊ म्हणाले, तसंच करा."

"अंदर भूपेंद्र नाई ना बसला," बबनराव म्हणाले. "चाल, वर्ध्याले जाऊन येऊ."

तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत अंकुश समोर येऊन बसला. तिशीतला, उन्हात रापलेला माणूस, पण वर्षभर तुरुंगात राहून रंग थोडा उजळलेला. बबनरावांनी त्याला कायदा समजावून सांगितला. पुरावा कसा कच्चा आहे, तार त्याची नाही असा बचाव घेतला तर काय होईल, सगळं. अंकुश मान खाली घालून ऐकत होता.

"पन तार माहीच होती, साहेब," तो म्हणाला. "डुकराईसाठी लावली होती. सकाळी मीच गेलतो पहिले. मीच पाह्यलं त्याले. हातात दावं होतं त्याच्या. मी बोंबललो तवा गाव जमा झालं."

"हे तू कोर्टात बोलशीन, तं अर्धी केस तुह्याच तोंडानं साबित होते. मंग एकच गोष्ट उरते, तुह्या मनात काय होतं ते. ते जज साहेबाले पटलं नाई, तं जन्मठेप आहे. समजलं? मी सुटकेची खात्री देत नाई."

"समजलं."

"मंग तार माही नाई असं म्हनाले काय हरकत आहे?"

अंकुशनं मान वर केली. मग म्हणाला, "मनकर्णामाय, गोपालची माय, रोज माह्या घरापुढून जाते. मी तसा सुटलो, तं दारात कसा उभा राहू? मारलं नाई मी त्याले. पन माह्या तारीनं मेला ना तो."

बाहेर आल्यावर रक्षा वैतागली होती. "सर, तुम्ही त्याला समजवायला पाहिजे होतं. हातची केस घालवतो आहे तो."

"समजावलंच ना. त्याले समजलं बी. आता त्याची मर्जी." बबनराव गाडीत बसले. "आपलं काम त्याच्या बाजूनं भांडाचं आहे. बाजू कोनती, ते तो ठरवते."

पण मनातून ते खूश झाले होते. खोटं न बोलता लढायचा खटला वकिलाला फार वेळा मिळत नाही. आणि अवघड खटला हातात आला की त्यांची भूक वाढायची.

पुढच्याच आठवड्यात ते रक्षाला घेऊन शेतावर गेले. गुन्ह्याची जागा स्वतःच्या पायानं फिरून बघितल्याशिवाय ते कधी उभे राहत नसत. काळ्या ढेकळांतून चालताना त्यांना धाप लागली, पण ते थांबले नाहीत. गोपालच्या घरापासून त्याच्या शेतापर्यंत सरळ पांदण जात होती, बैलगाडी जाईल एवढी रुंद. अंकुशचा धुरा मात्र पार दुसऱ्या अंगाला होता.

"रोज राखणीला जाणारा माणूस इकडून कशाला येईल?" रक्षा म्हणाली. आता तिचाही आवाज बदलला होता.

"तेच तं. अन् दावं घेऊन कोनी राखनीले जाते का? दावं घेऊन माणूस काऊन जाते?"

"जनावर आणायला."

बबनरावांनी नुसती मान हलवली.

खटला हिंगणघाटच्या सेशन कोर्टात उभा राहिला. पहिल्याच दिवशी बबनरावांनी उभं राहून सांगितलं की तार आरोपीनेच लावली होती, हे बचाव पक्षाला मान्य आहे. सरकारी वकिलांनी चमकून मान वर केली. मागच्या बाकावर भूपेंद्रनं कपाळाला हात लावला.

मग मनकर्णाबाईची साक्ष आली. किरकोळ बांध्याची, साठीची बाई, डोक्यावरून पदर. सरकारी वकिलांनी विचारलं तसं तिनं एका सुरात सांगितलं. गोपाल रोज रात्री त्या धुऱ्यानं राखणीला जायचा, अंकुशला ते ठाऊक होतं, त्याचं गोपालशी आधीपासून वैर होतं. पोलिसांपुढच्या जबाबात होतं तेच.

बबनराव उलटतपासाला उठले. त्यांनी आधी न्यायाधीशांना विनंती करून तिला खुर्ची मागवून दिली.

"माय, पानी पेता का?"

"नाई. विचारा काय विचाराचं ते."

"तुमच्या घरून वावरात जाचा रस्ता कोनता?"

"पांदनीचा."

"गोपाल बी तिकूनच जाये?"

"...हो."

"मंग त्या रात्री धुऱ्यावर काऊन गेला?"

पदराचं टोक हातात घेऊन ती पिळत राहिली. रक्षानं मागून सरांचा कोट हळूच ओढला. उत्तर ठाऊक नसताना साक्षीदाराला प्रश्न विचारू नये, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. ही बाई आता काहीही बोलू शकत होती. "अंकुशनं बोलावलं" एवढं जरी म्हणाली असती, तरी सगळं बुडालं असतं.

बबनरावांनाही ते कळत होतं. पण ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती लपवत होती ते खोटं नव्हतं, दुखणं होतं, असं त्यांना वाटलं.

"माय, मले तुमाले त्रास द्याचा नाई," ते सावकाश म्हणाले. "पन तुमच्या लेकराच्या हातात दावं होतं. ते कायचं होतं, एवढंच सांगा."

मनकर्णाबाईनं हातातला पदर सोडला.

"कालवडीचं," ती म्हणाली. "आमची कालवड सुटली होती. तिकडल्या अंगानं अंकुशच्या तुरीत शिरली. तो जेवाले बसला होता. मीच म्हनलं, जाय ना लेकरा, आन तिले, नाई तं उद्या आनखी भांडन होईन. ताटावरून उठवला मी त्याले. ताटावरून."

"हे पोलिसाईले सांगतलं होतं का?"

"कोनालेच नाई सांगतलं. आमच्यातले म्हनले, रोज जात होता असं सांग, मी तसं सांगतलं. दुसरं सांगतलं असतं तं लोक म्हनले असते, मायनंच धाडला मराले."

न्यायाधीशांनी टंकलेखकाला थांबायला सांगितलं आणि बाईला पाणी द्यायला लावलं. या वेळी ती प्यायली.

"शेवटचं विचारतो, माय. त्या रात्री गोपाल धुऱ्यावर येनार, हे अंकुशले माहीत असन का?"

सरकारी वकील हरकत घ्यायला उठले, पण तोवर तिनं उत्तर दिलंही होतं.

"त्याले कसं माहीत असन? कालवड सुटेपर्यंत मलेच माहीत नोहोतं."

बबनराव खाली बसले. कोर्टातून निघताना ते मनकर्णाबाईजवळ थांबले. तिच्याबरोबरचे नातेवाईक पुढं निघून गेले होते. तिच्यावर रागावलेले दिसत होते.

"आज तुमाले बहुत भारी गेलं," ते म्हणाले.

"मी उठवलं नसतं तं जेवला असता, वकील साहेब."

"उठवलं असतं, नसतं उठवलं. मायनं लेकाले कालवड आनाले धाडनं, यात कोनता गुन्हा आहे? मी हे पोटासाठी नाई सांगून राह्यलो. एवढी वर्षं गुन्हेच पाह्यले मी. हा त्याच्यात बसत नाई."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग मान हलवून पायऱ्या उतरली.

पुढे आरोपीला जबाब विचारण्याची वेळ आली, तेव्हा अंकुशनं न अडखळता सांगितलं, "तार मी लावली होती. डुकराईसाठी. गोपाल येईन असं मनात बी नोहोतं. पन माह्या तारीनं तो मेला, हे खरं आहे." मनकर्णाबाई मागच्या बाकावर बसली होती. निकालाची तारीख नव्हती, साक्षही संपली होती. तरी ती गावाहून बसनं आली होती.

शेवटच्या युक्तिवादात बबनरावांनी फार वेळ घेतला नाही. डुकरांसाठी लावलेली तार हा गुन्हा आहे, त्याची शिक्षा त्याला द्या, ते म्हणाले. पण जो माणूस येणार हे तार लावली तेव्हा त्याच्या स्वतःच्या आईलाही ठाऊक नव्हतं, त्याच्यासाठी सापळा कसा लावणार? रक्षानं बसल्या जागी वाक्य लिहून घेतलं आणि मग स्वतःशीच हसून खोडलं, कारण ते वाक्य मुळात मनकर्णाबाईचं होतं.

निकाल लागला. खुनाच्या आरोपातून निर्दोष. निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याबद्दल दोषी, आणि आजवर भोगलेला तुरुंगवास हीच शिक्षा. भूपेंद्र रडायला लागला. अंकुशनं आधी न्यायाधीशांना आणि मग बबनरावांना हात जोडले.

सुटकेचे कागद होऊन तो दुसऱ्या दिवशी बाहेर आला, आणि घरी जायच्या आधी मनकर्णाबाईच्या दारात गेला. हे भूपेंद्रनंच नंतर सांगितलं. ती अंगणात कालवडीला पाणी पाजत होती. अंकुश उभा राहिला.

"साऱ्या गावानं मले सांगतलं होतं, तार कोनाची माहीत नाई," ती म्हणाली. "तू तरी बोलला." आत ये असं ती म्हणाली नाही. पण तो उभा होता तोवर तीही तिथंच उभी राहिली.

नंतरच्या हिवाळ्यात भूपेंद्र बबनरावांकडे आला, तो ओल्या तुरीच्या शेंगांचं पोतं घेऊन. अंकुशनं आता झटका मशीन बसवलं होतं, सोलरवर चालणारं, ज्यानं डुक्कर पळतं पण कोणी मरत नाही. तार एकट्या त्याच्या शेताभोवती नव्हती, मनकर्णाबाईचं वावरही तिच्यात घेतलं होतं. तिनं तिचं शेत मात्र दुसऱ्यालाच करायला दिलं होतं.

"माह्या भावाले ते वावर मागाची हिंमत नाई झाली," भूपेंद्र म्हणाला.

"राहू दे," बबनराव म्हणाले. "तार टाकू देल्ली तिनं, हे कमी आहे का?"

दुपारी त्यांच्या पत्नी विमलाबाईंनी त्याच शेंगांचे सोले, म्हणजे सोललेले ओले दाणे, घालून भात केला. रक्षाही जेवायला थांबली होती. सिंदी रेल्वेचा एक नवा खटला आला होता. दोन चुलतभाऊ, एक कुऱ्हाड, आणि सगळ्यांनी पाहिलेलं पण प्रत्येकानं वेगळं सांगितलेलं भांडण.

"सर, मी कागद वाचले. मला वाटतं—" तिनं सुरुवात केली.

"आदी जागा पाहू," बबनराव म्हणाले, आणि विमलाबाईंपुढं ताट सरकवलं. "थोडा भात दे अजून. अन् वरून तेल सोडजो."