दहा सेकंदांची लाज

मित्रांनो, मी एक जुने खिशातले घड्याळ आहे. माझ्यापायी एक भला माणूस मरता मरता वाचला. ते सांगताना आजही मला तोंड लपवावेसे वाटते.

१९५१ साली तापीकाठच्या एका गावचे कापूस पिकवणारे शेतकरी रतिलाल पाटील यांनी मला सुरतेहून आणले. माझ्या चकतीत खाली सेकंदाचा छोटासा काटा होता, त्याचा मला भारी तोरा. गावात लग्नाच्या अक्षता माझ्याकडे बघून पडत. "रतिलालनं घड्याय कधी चुकस नही," असे शेजारचे दगा नावाचे शेतकरी सांगत, तेव्हा मी फुगून जायचो.

बारा वर्षांत मालकही फुगले. बैलगाडीत चढताना त्यांना धाप लागू लागली. डॉक्टरांनी छाती तपासून सांगितले, "वजन उतरले नाही तर हृदय थकेल. पण ऊर फुटेस्तोवर धावू नका. रोज पाऊण तास चाला. मध्ये थांबून नाडी मोजा. मिनिटाला शंभर ते एकशेपंधरा ठोके असू द्या. कमी भरले तर पाय उचला, जास्त भरले तर हळू व्हा."

म्हणजे मालकांचा जीव माझ्या छोट्या काट्यावर आला. केवढा मान!

त्याच आठवड्यात खंडेनवमी होती. नांगर, कोयते, मोटेचे चाक, सगळी अवजारे पूजेला मांडली होती. मालकांच्या आई तापीबाई यांनी मलाही पाटावर ठेवले. चाकाला तेल मिळते, मग याला का नको, असे म्हणून त्यांनी माझे मागचे झाकण उघडले आणि शेंगदाण्याचे तेल मायेने आत सोडले. माझ्या पोटात केसासारखी बारीक कमान आहे. तेलाने तिचे वेढे एकमेकांना चिकटले, कमान जणू आखूड झाली आणि मी पुढे पळू लागलो.

खरे सांगू? मला ते पळणे आवडले. म्हातारपणी तरतरी आली, असे वाटले.

संध्याकाळपर्यंत मी दोनेक तास पुढे जायचो. मालक रोज सकाळी एस.टी. आली की मला लावून घेत आणि हसत, "तास चुकना ते चुकना, मिनिट ते मिनिटच ऱ्हास ना!" तिथेच घात झाला. माझे मिनिट पन्नास सेकंदांतच संपत होते.

नदीच्या वाटेवर मालक थांबायचे, मनगट धरून मोजायचे आणि पंच्याण्णव भरले की आणखी जोरात निघायचे. त्यांच्या पत्नी वत्सलाबाई शेतात भाकरी घेऊन त्याच वाटेने येत. एकदा त्यांनी पदराने मालकांचा घाम पुसला.

"आवो, दम लागी ऱ्हायना तुम्हले. बठा ना जराखा."

"नाडी पंच्याण्णवच शे. डॉक्टरनी शंभर सांगेल शे. मन्हं घड्याय काय खोटं बोली?"

मी खोटेच बोलत होतो. आठव्या दिवशी मालक बांधावर कोसळले. मी त्यांच्या मुठीत होतो आणि तेव्हाही पुढेच पळत होतो.

दगांनी त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेले; तापीबाई आणि वत्सलाबाईही बरोबर होत्या. डॉक्टरांनी आपले घड्याळ माझ्याशेजारी धरले आणि कपाळाला हात लावला. "हा काटा मिनिटाला दहा सेकंद खातो आहे. तुम्ही शंभर मोजत होतात, तेव्हा हृदय एकशेवीस ठोके मारत होते."

तापीबाईंनी हंबरडा फोडला, "मीच टाकं रे तेल त्यामा!"

मालक खाटेवरून वत्सलाबाईंकडे बोट करत हळूच बोलले, "रडू नको, माय. घड्यायलेबी बोल लावू नका. हाई रोज सांगे, बठा. मी काटाकडे देखं, हिन्हाकडे देखं नही."

मला शिव्या दिल्या असत्या, दगडावर आपटले असते, तर बरे वाटले असते. त्या माफीने मी पुरता मेलो.

कारागिराने मला धुऊन नीट केले. पण मालक आता मला घरीच खुंटीवर ठेवतात. वत्सलाबाई बरोबर चालतात आणि वाटभर बोलतात. मालकांना उत्तर देता आले, तर चाल बरोबर. उत्तर अडले, तर दोघे बसतात. वर्षभरात मालकांचा सदरा सैल झाला.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना जपा, पण आमच्या पोटात हात घालण्याआधी जाणत्याला विचारा. आणि आमचा काटा काहीही सांगो, सोबतचे माणूस "बस" म्हणाले की बसा. माझ्या मालकांना ते सात दिवस कुणीतरी सांगत होते, आणि मी त्यांना ऐकू दिले नाही.