वॉशिंग मशीनच्या आवाजाआडून

कोर्टाच्या पायरीवर उमाकांत थबकले. "वहिनी, आसावरीच्या सासरचे पत्रिका छापायला निघालेत. आज स्वल्प जपून बोला."

"चार वर्षं जपूनच आहे, भावजी."

नवऱ्याच्या पश्चात दीर सांगतील ते ऐकत आलेली कल्पना आज नागपूरहून थोरल्या लेकीसाठी बोलायला आली होती. बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या फ्लॅटमधून ऋचा फोन करायची तो वॉशिंग मशीन लावून. त्या घरघरीआडून नवऱ्याला काही ऐकू जाऊ नये म्हणून. "आई, मारतो गं तो. मला घेऊन जा."

"दिवाळीपर्यंत कळ काढ," कल्पना म्हणाली होती. चार वर्षांपूर्वी, त्या दिवाळीच्या आतच तिला लेकीचा देह ताब्यात घ्यायला यावं लागलं.

तेव्हा मृत्यूच्या चौकशीत तहसीलदारांसमोर तिने सगळं सांगितलं होतं, मशीनच्या आवाजासकट. तीस वर्षं बेंगळुरूत मुरलेले उमाकांत ते कन्नडमध्ये सांगत गेले, कारकून लिहीत गेला. त्या गोल, कुलूपबंद अक्षरांखाली तिने आपलं नाव देवनागरीत लिहिलं.

आरोपीच्या वकिलाने आता तोच कागद पुढे केला. दुभाषी बाईंनी मराठीत वाचलं : "मुलगी सुखात होती. जावयाबद्दल तक्रार नाही. ती लहानपणापासून हळवी होती."

मशीन त्यात कुठेच नव्हतं.

कल्पनाने मागच्या बाकाकडे पाहिलं. उमाकांत स्वच्छ चष्मा पुन्हा पुन्हा पुसत होते. आपल्या लांबलचक हुंदक्यांची त्या दिवशी इतकी आखूड वाक्यं का होत होती, ते तिला आज उमगलं.

"सही तुमची?" वकिलाने विचारलं.

"सही माझी. शब्द माझे नाहीत."

न्यायाधीशांनी मान वर केली. दुभाषी बाईंनी त्यांचा प्रश्न हलक्या आवाजात सांगितला, "मग ते कुणाचे?"

उमाकांतांशेजारी धाकटी लेक आसावरी बसली होती, साखरपुड्याची अंगठी बोटात फिरवत. काकांच्या तोंडाकडे विश्वासाने बघत. नाव घ्यायचं, की हे घर उभं मोडलं.

'ऋचा, थांब गं जरा. एवढं लग्न होऊन जाऊ दे,' कल्पना मनात म्हणाली. आणि स्वतःचाच जुना आवाज तिने ओळखला.

"सांगता येत नसेल, तर जबाब तुमचाच ना? हो की नाही?" वकिलाने रेटलं.

तिने कठडा घट्ट धरला.

"हो."

"हौदु," दुभाषी बाई म्हणाल्या. टंकलेखकाने ते टिपलं, आणि पुढल्या साक्षीदाराचा पुकारा झाला.