पच्चैयम्माळच्या आठ गोळ्या

समई लावायला वडिवूने काडी ओढली, तोच निलकोट्टैच्या दुकानातून तिथे कामाला असलेल्या फिलोमिनाचा फोन आला. पळनीत वडिवूच्या बाराव्या औषध दुकानाचं उद्घाटन होतं. आमदार येऊन बसले होते, धाकटा भाऊ कदिरेसन हार घेऊन उभा होता. फिलोमिना रडत होती. संधिवाताची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. तिने पाकिटावर 'रोज एक' लिहून दिलं होतं. आठ दिवसांपूर्वी. बाई पच्चैयम्माळ, फुलबाजारात गजरे करणारी. फोन नंबर नाही.

वडिवूने काडी विझवली. कदिरेसन गाडीपर्यंत मागे आला. कुणाला तरी पाठवू, बोभाटा कशाला, असं दबक्या आवाजात विनवत राहिला. तिने दार ओढून घेतलं.

दोन तासांच्या वाटेत ती गोळ्या मोजत होती. आठ. आधी तोंडात फोड येतात, मग हिरड्यांतून रक्त, मग ताप. पच्चैयम्माळचा चेहरा काही केल्या आठवेना. दिंडुक्कलला एकच दुकान होतं, तेव्हा गिऱ्हाइकांच्या सुनांचीही नावं तिला पाठ असत.

निलकोट्टैच्या फुलबाजारात विचारत गेल्यावर मोगऱ्याच्या ढिगामागे म्हातारी सापडली. वडिवूने आधी तिचं तोंड पाहिलं. ती पान चघळत होती. फोड आलेल्या तोंडाला चुना सोसला नसता. वडिवू तिथेच पोत्यावर बसली.

तीनच घेतल्या, म्हातारीने सांगितलं. गरगरायला लागलं म्हणून दुकानात विचारायला गेली, तर पोरीने रांगेत उभं केलं. फुलं सुकतील म्हणून ती परत फिरली, पुढे गोळ्याच सोडल्या.

"दिंडुक्कलला एक वडिवक्का होती," दोऱ्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "चार प्रश्न विचारल्याशिवाय गोळी द्यायची नाही. तिचं दुकान बंद पडलं वाटतं."

वडिवू उठली. तिने टोपली शेजारणीकडे सोपवली आणि म्हातारीला रक्त तपासायला नेलं. दुपारी डॉक्टरांनी कागद पाहिला. थोडक्यात निभावलं, गोळी पुढच्या आठवड्यापासून घ्या, म्हणाले.

कदिरेसनचा फोन आला. आमदार गेले होते, मुहूर्तही टळला होता. उद्घाटन कधी करायचं?

"इतक्यात नको. उद्यापासून मी निलकोट्टैला बसणार आहे."

तिने लिहायला गोळ्यांचं नवं पाकीट घेतलं.

"आजी, कुठला वार लक्षात राहतो?"

"शुक्रवार. अम्मन देवीचा."

"सकाळी काही खाता का? घरात दुसरं कोण आहे? आणखी कसल्या गोळ्या चालू आहेत?"

म्हातारीने पहिल्यांदाच तिच्याकडे निरखून पाहिलं.

"अगं," ती म्हणाली, "इतके दिवस होतीस कुठे?"