वाळूची कडी

ओहोटी लागली की दोघी जावा चिखलवाळूत उतरत, आपल्या शिंपल्यांच्या वाफ्यावर. दोन वर्षं झाली, शिंपला उचलावा तर हलका लागे. आत काही नाही आणि कवचाला गिरमिटाने पाडावं तसं गोल भोक. हे काम कुणाचं ते थोरलीला पक्कं ठाऊक होतं. वाळूखालून सरकणारी, गुळगुळीत पाठीची समुद्रातली गोगलगाय. शिंपल्याला मिठी मारून ती निवांत भोक पाडते आणि आतलं मांस फस्त करते. दोघींनी त्या वेचून वेचून कंबर मोडून घेतली, पण गोगलगायी काही हटेनात.

शेवटी धाकटीने सांगून टाकलं, की आता शिंपल्यांची नवी पिल्लं पेरायची नाहीत. ती शहरात मासळीच्या कारखान्यात कामाला जाणार. थोरलीने अडवलं नाही. मात्र एकटीच्याने वाफा निभणार नाही, हे ती मनात ओळखून होती.

वाफ्यावर वाळूची पातळ कडी पडलेली असत, शर्टाच्या कॉलरसारखी. ती दिसतात तिथली वाळू कसदार, असं सासूबाई सांगत. म्हणून दोघी त्यांना चुकवून चालत. एखादं उलटलं तर सरळ करून ठेवत. धाकटीला आठवण म्हणून द्यावं, अशा विचाराने थोरलीने एक कडं घरी आणून घमेल्यात खाऱ्या पाण्यात ठेवलं होतं.

सामान बांधताना धाकटीचं तिकडे लक्ष गेलं. कडं विरघळलं होतं आणि घमेल्याच्या कडेने मोहरीहून बारीक काहीतरी वर चढत होतं. तिने थोरलीचा चष्मा स्वतःच्या नाकावर चढवला आणि बराच वेळ वाकून पाहिलं.

"ताई, ही कडी म्हणजे गोगलगायींची अंडी."

थोरलीने चष्मा परत घेऊन घमेल्यात पाहिलं. "म्हणजे इतकी वर्षं आपण..."

"बाळंतपणं केली त्यांची. तीही फुकट."

थोरलीला हसावं की रडावं कळेना. सासूबाईंचंही अगदीच चुकलं नव्हतं. शिंपले भरपूर तिथेच गोगलगायी, आणि गोगलगायी तिथेच कडी.

पुढच्या ओहोटीला दोघी टोपल्या घेऊन उतरल्या आणि दिसेल ते कडं उचलून वर कोरड्या वाळूत टाकू लागल्या. जाण्याचा विषय थोरलीने काढला नाही. काढायची भीतीच वाटत होती. कोपऱ्यात एक कडं उचलताना धाकटीने बोटांनी वाळू उकरली. खाली नखाएवढे शिंपले होते, घट्ट मिटलेले, एकालाही भोक नाही. एकाने तिच्या हातावर पाण्याची बारीक पिचकारी मारली.

ती हात न पुसता तशीच बसून राहिली.

"पिल्लं मागवा, ताई," ती म्हणाली. "पण यापुढे कडी मी बघणार. तुमचा जीव गुंततो."